घरचा डिजिटल ठेवा आणि त्याची साठवण

पूर्वी जमिनीचे कागद, जन्मपत्रिका आणि लग्नातील छायाचित्रे घरातल्या एकाच पेटीत असत. आज हा ठेवा विखुरलेला आहे. सहलीची छायाचित्रे मुलीच्या मोबाईलमध्ये, लग्नाची चित्रफीत मुलाच्या लॅपटॉपवर, तर आजीने गायिलेल्या ओव्या तिसऱ्याच कोणाच्या फोनमध्ये असतात. तो फोन हरवला की ओव्याही जातात. आणि त्या पुन्हा गाण्यास आजी असतेच असे नाही. इंटरनेटवरील सेवांमध्ये असा संग्रह ठेवता येतो खरा. तथापि गूगल फोटोजने आपली अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

यावरील एक उपाय म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेले साठवणयंत्र. बाजारात त्यास ‘नॅस’ म्हणतात. लहानशा खोक्यात एक वा अधिक हार्ड डिस्क असतात. हे खोके राऊटरला जोडले की घरातील फोन, संगणक आणि स्मार्ट टीव्ही यांना त्यातील संग्रह उपलब्ध होतो. त्यासाठी वेगळा संगणक चालू ठेवावा लागत नाही.

निवड करताना प्रथम जागेचा हिशेब करावा. एक छायाचित्र ५ एमबीचे धरले, तर ४ टीबीच्या डिस्कवर सुमारे ८ लाख छायाचित्रे मावतात. चित्रफितींना मात्र कितीतरी अधिक जागा लागते. त्यानंतर वेग पाहावा. गिगाबिट जोडणीतून सेकंदाला सुमारे ११० एमबी माहिती जाऊ शकते. १०० मेगाबिटच्या जुन्या राऊटरमधून जेमतेम ११. म्हणून महाग यंत्र घेण्यापूर्वी घरचा राऊटर तपासावा आणि यंत्र त्यास तारेनेच जोडावे. छायाचित्रे व गाणी यांसाठी साधा प्रोसेसर पुरतो. टीव्हीला न चालणाऱ्या चित्रफितींचे तत्काळ रूपांतर करावयाचे असेल, तरच अधिक शक्तीचा घ्यावा.

दोन डिस्कच्या यंत्राविषयी एक गैरसमज आढळतो. ‘रेड १’ या पद्धतीत दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी वापरावयास ४ टीबीच मिळतात. परंतु एक बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते. मात्र ही काही सुरक्षित दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेले छायाचित्र दोन्हींवरून एकाच वेळी जाते. चोरी, आग वा पुराचे पाणी यांपुढे दोन्ही डिस्क सारख्याच निराधार असतात.

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या साठवणयंत्रांबाबत याचा प्रत्यय आला. इंटरनेटला जोडलेल्या अनेक यंत्रांतील माहिती परक्यांनी दूरवरून पुसून टाकली. या यंत्रांना २०१५ नंतर सुरक्षा-सुधारणा मिळालेल्या नव्हत्या. तेव्हा किमतीआधी दुकानदारास विचारावे ते हे, की कंपनी या सुधारणा किती वर्षे पुरविणार आहे. शिवाय गरज नसेल तर यंत्र बाहेरून इंटरनेटवर खुले ठेवू नये. वीज वारंवार जाते तेथे लहानसा यूपीएसही आवश्यक आहे. लिहिणे चालू असता वीज गेल्यास माहिती बिघडू शकते.

जाणकार तीन प्रतींचा नियम सांगतात: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. हा नियम पाळणे फारसे खर्चाचे नाही. एक साधी यूएसबी डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा तीवर संग्रह उतरवावा आणि ती दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवावी. शाळेच्या स्नेहसंमेलनांची वा ग्रामसभांची चित्रणे जपणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

सारांश, पैसे मोजकेच असतील तर ते सगळे दोन डिस्कच्या यंत्रात घालू नयेत. एका डिस्कचे साधे यंत्र घ्यावे आणि उरलेल्या रकमेतून बाहेर ठेवावयाची प्रत सिद्ध करावी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरील दोन-चार चित्रे उघडून पाहावीत. कारण जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच होय.