लेकी बोले, सुने लागे : झहीर रायहान यांचा सिनेमा



फेब्रुवारीत आपल्यासाठी दोन भाषादिन येतात. २७ तारखेला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन, आणि त्याच्या सहा दिवस आधी जागतिक मातृभाषा दिन. पहिल्याचं निमंत्रण मंडळाकडून हमखास येतं (जेवणाच्या मेन्यूसकट), दुसऱ्याचं फारसं येत नाही. ती २१ तारीख ढाक्याची आहे. १९५२ साली त्या दिवशी, बंगालीला पाकिस्तानची राजभाषा करा अशी मागणी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जमावबंदी मोडून सर्वांत आधी बाहेर पडलेल्या दहा जणांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला अटक झाली. तोच पुढे कादंबरीकार आणि चित्रपट दिग्दर्शक झाला. आज मी त्या झहीर रायहान यांच्याबद्दल बोलणार आहे.

मी प्रयोगशाळेत प्रथिनांशी झटापट करणारा माणूस, चित्रपट समीक्षक नव्हे. रायहान यांचं नावही मला ठाऊक नव्हतं. शेजारी काम करणाऱ्या ढाक्याच्या सहकाऱ्याने 'जीबन थेके नेया'ची डीव्हीडी दिली आणि म्हणाला, "हा आमच्याकडे आईबरोबर बसून बघायचा सिनेमा आहे." राजकीय सिनेमाची अशी शिफारस मी तोवर ऐकली नव्हती.

हा चित्रपट १९७० सालचा. त्यात एक कजाग मोठी बहीण आहे. नवरा तिच्यापुढे चळाचळा कापतो, दोघे धाकटे भाऊ मान खाली घालून जेवतात. घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. भावांची लग्नं होतात, सुना येतात आणि जुडगा कोणाकडे राहणार यावरून घर पेटतं. घराच्या भिंतींवर बाईसाहेबांच्या विरोधात पोस्टरं लागतात! रडारड, विषप्रयोग, कोर्टातला खटला, सगळं यथासांग आहे. पण थिएटरात बसलेल्या कोणालाही ही बाई म्हणजे अयूब खान आणि हे घर म्हणजे पूर्व पाकिस्तान, हे समजावून सांगावं लागत नव्हतं. लेकी बोले, सुने लागे. त्यात प्रत्यक्ष २१ फेब्रुवारीच्या प्रभातफेरीची दृश्यं आहेत, आणि रवींद्रनाथांचं 'आमार सोनार बांगला' आहे, ते बांगलादेशाचं राष्ट्रगीत होण्याच्या आधी. सरकारने प्रदर्शनात अडथळे आणून पाहिले, पण लोकांच्या रेट्यापुढे नमावं लागलं. शेवटी घरात मूल जन्मतं, त्याचं नाव 'मुक्ती'.

आता इथे मला आपल्याच मंडळींशी थोडं भांडायचं आहे. सासू-सुनेची मालिका म्हटली की आपण पुरोगामी लोक नाक मुरडतो. आपल्याला समांतर सिनेमा हवा, संथ, उपशीर्षकांसकट. रायहान यांनी तसा सिनेमा काढून पाहिला होता. १९६१चा त्यांचा पहिला चित्रपट 'कखनो आसेनी' वेगळ्या वाटेचा होता, तो चालला नाही. मग त्यांनी १९६६ साली 'बेहुला' काढला. बंगालच्या खेड्यापाड्यांत घरोघरी माहीत असलेली ती लोककथा. तो धो धो चालला. याला कोणी तडजोड म्हणेल. मला ती पूर्वतयारी वाटते. लोक कशाला हसतात आणि कुठे रडतात हे त्यांनी शिकून घेतलं होतं, म्हणूनच १९७०मध्ये किल्ल्यांचा जुडगा हुकूमशहाच्या कमरेला बांधता आला. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी तमाशा आणि पोवाडा हाती घेतला, तो याच शहाणपणातून.

दुसरी गोष्ट. उर्दू लादण्याविरुद्ध तुरुंगात गेलेल्या या माणसाने उर्दूत सिनेमे काढले. १९६४चा 'संगम' हा पाकिस्तानातला पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट, आणि तो उर्दूत आहे. भांडण सत्तेशी होतं, उर्दूशी नव्हतं. २००८ साली मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना मराठीच्या नावाखाली मारहाण झाली, तेव्हा आपल्यातल्या काही चांगल्या शिकल्यासवरल्या मित्रांनी "झालं ते बरंच झालं" म्हटलेलं मी ऐकलं आहे. इथे आपण स्वतः परप्रांतीय असताना! त्यांना मी 'संगम'ची गोष्ट सांगतो.

मार्च १९७१मध्ये पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि रायहान कलकत्त्याला आले. स्वतःची ओढगस्त असताना 'जीबन थेके नेया'च्या तिथल्या खेळांचे पैसे त्यांनी मुक्तियुद्धाच्या निधीला दिले. निर्वासितांच्या छावण्यांत आणि सीमेवर कॅमेरा घेऊन हिंडले आणि 'स्टॉप जेनोसाइड' हा माहितीपट केला. एका पारड्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या घोषणा, दुसऱ्यात चिखलातून चालणारी म्हातारी माणसं. व्हिएतनामही त्यात आहे. त्या वर्षी निक्सन सरकार याह्या खान यांच्या पाठीशी होतं, हे आपण, अमेरिकेत कर भरणाऱ्यांनी, विसरू नये.

१४ डिसेंबर १९७१ला, पाकिस्तानच्या शरणागतीच्या दोनच दिवस आधी, अल-बद्रच्या लोकांनी रायहान यांचे थोरले बंधू, पत्रकार आणि कादंबरीकार शहीदुल्ला कैसर यांना घरातून उचललं. रायहान ढाक्याला परतले आणि बुद्धिजीवींच्या हत्यांचा छडा लावायच्या कामाला लागले. ३० जानेवारी १९७२ रोजी भावाच्या शोधात ते मीरपूरला गेले. ही उर्दूभाषक बिहारी निर्वासितांची वस्ती, आणि तिथे अजून शस्त्रं होती. रायहान परत आले नाहीत. वय ३६. 'लेट देअर बी लाइट' हा त्यांचा चित्रपट अपुरा राहिला.

फार बोललो. 'स्टॉप जेनोसाइड' जेमतेम वीस मिनिटांचा आहे. सुरुवातीला एक बाई ढेकीवर धान्य कांडताना दिसेल. तिच्याकडे नीट बघा, आणि आवाज कधी बदलतो तिकडे कान ठेवा. मागच्या मंडळींनी कृपया दिवे मालवावेत.