शिवनेच्या काठावरची हद्द

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या 30 डिसेंबरला आपल्या विहारातली आम्ही बावीस मंडळी मकरणपूरला जाऊन आलो. त्याबद्दल चार शब्द बोलावेत असा समितीचा आग्रह झाला. सहल म्हटली की लोक आधी खाण्यापिण्याचे विचारतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली होती, आणि ती पुरली. आता मुद्द्याचे बोलतो.

मकरणपूर कन्नड तालुक्यात आहे. आपल्या बीडवरून जो सोलापूर-धुळे रस्ता जातो, त्याच रस्त्याने निघायचे. गेवराई, शहागडला गोदावरीचा पूल, पाचोड, मग तेव्हाचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि पुढे कन्नड. तिथून घाट उतरला की चाळीसगाव, खानदेश. आज हा सगळा एकच महाराष्ट्र. पण 1948 पर्यंत या एका रस्त्यावर दोन राज्ये होती, हे गाडीतल्या पोरांना समजावून सांगावे लागले. इकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, तिकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. इकडे हाली सिक्का चालायचा, तिकडे कलदार. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव. हद्दीवर करोडगिरीचे नाके, माल नेला की जकात द्या. आपल्या जिल्ह्याची तरी वेगळी काय गत होती? आष्टीकडचा माणूस नगरच्या बाजाराला निघाला की तो परराज्यात चालला, असाच त्याचा अर्थ. आपण हद्दीवरच्या जिल्ह्यातली माणसे आहोत, हे आपल्याला आता आठवतसुद्धा नाही.

वाटेत दौलताबादला गाडी थांबवली. किल्ला बघायला वेळ नव्हता, पण तिथे थांबल्याशिवाय पुढे जाणे आम्हाला बरे वाटले नाही. 1934 साली परमपूज्य बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, तेव्हा ते इथे उतरले. प्रवासाने सगळ्यांचे अंग धुळीने भरलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले लहानसे तळे होते, तिथे काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून तळे बाटवले म्हणून ओरडा झाला, माणसे जमली, शिवीगाळ झाली. तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या आम्ही मुसलमान झालो तर पाणी घेऊ द्याल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव गप्प झाला. किल्ल्यात जायला परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि नजर ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात सांगितला आहे. व्हिसा म्हणजे परदेशात पाय ठेवायचा परवाना. हे नाव त्यांनी का दिले असेल, ते दौलताबादच्या दरवाजात उभे राहिले की कळते. संस्थानची हद्द तर ते ओलांडून आले होते. तळ्याच्या काठाची हद्द ओलांडायला परवाना कोणत्या कचेरीत मिळणार होता?

आता मकरणपूर. 30 डिसेंबर 1938 रोजी तिथे मोठी परिषद झाली, आणि ती भरवली भाऊसाहेब मोरे यांनी. बाबासाहेबांना निजामाच्या राज्यात भाषण करायला बंदी होती. मग आपल्या लोकांनी काय करावे? तिथले लोक सांगतात की शिवना नदी ही त्या ठिकाणी दोन राज्यांची हद्द होती, आणि मकरणपूर पडत होते इंग्रजांच्या बाजूला. म्हणून मंडप नेमका तिथे घातला. निजामाचा हुकूम नदीपर्यंत, आणि बाबासाहेबांचे भाषण नदीपलीकडे! इकडच्या लोकांनी नदी ओलांडू नये म्हणून पोलिसांनी मनाई केली, तरी माणसे गेलीच. मराठवाड्यातून गेली, खानदेशातून आली, विदर्भातूनही आली. आम्हाला यातली अक्कल फार मोठी वाटते. आजवर आपण असेच समजत होतो की हद्द म्हणजे अडवणारी वस्तू. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बापजाद्यांनी त्याच हद्दीचा आडोसा करून घेतला.

याच परिषदेत भाऊसाहेबांनी, आपण एकमेकांना भेटताना 'जय भीम' म्हणू या असे मांडले, असे सांगतात. या अभिवादनासाठी नागपूरकडे बाबू हरदास यांचे नाव घेतात. त्यावर वाद घालत बसायची आम्हाला गरज वाटत नाही. दोघांनीही आपल्याला मोठे देणे दिले आहे.

ज्या विटांच्या चौथऱ्यावरून बाबासाहेब बोलले तो चौथरा अजून आहे. 1972 पासून दर 30 डिसेंबरला तिथे लोक जमतात. आम्ही हात जोडले, मग नदीकडे गेलो. पाणी जेमतेम पोटरीपर्यंत. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "एवढीशीच नदी? हिला कोण भ्यायचे?" आम्ही त्याला म्हटले, बाळा, नदीला कोणी भीत नव्हते, काठावरच्या शिपायाला भीत होते. ही शिवना पुढे गोदावरीला मिळते, म्हणजे तिचे पाणी आपल्याच जिल्ह्याच्या उशाशी येते.

परतीच्या वाटेवर आमच्यातल्या एका गुरुजींनी बर्लिनची गोष्ट काढली. ते शहर 13 ऑगस्ट 1961 च्या रात्री तारा ओढून कापले, मग भिंत झाली. 28 वर्षे एकाच गावचे लोक दोन राज्यांत. शहराच्या मध्यावर चेकपॉइंट चार्ली नावाचा नाका होता. परदेशी माणसे आणि दोस्त राष्ट्रांचे सैनिक तिथून जात, पण पूर्वेकडच्या साध्या माणसाला ती वाट बंद. 1962 मध्ये त्या नाक्याजवळच पेटर फेश्टर नावाचा 18 वर्षांचा पोरगा भिंत ओलांडताना गोळी लागून पडला आणि सगळ्यांच्या देखत रक्त जाऊन मेला. 9 नोव्हेंबर 1989 ला नाके उघडले. आता जगभरचे लोक तो नाका पाहायला जातात, फोटो काढतात. पण मूळ चौकी 1990 सालीच उचलून नेली. रस्त्यावर उभी आहे ती नक्कल. गुरुजी म्हणाले, त्यांना नक्कल उभी करावी लागली, आणि आपल्याकडे अस्सल विटा आहेत, तरी आपल्या घरातल्या किती जणांनी त्या पाहिल्या? गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. ज्या राज्यात बाबासाहेबांना बोलायला बंदी होती, त्याच राज्याच्या औरंगाबादेत 1950 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले. पुढे त्याचेच मिलिंद महाविद्यालय झाले. मकरणपूरनंतर अवघ्या बारा वर्षांत! आपल्या वस्तीतली कितीतरी मुले तिथे शिकून नोकरीला लागली, त्यांतली काही आज समोर बसली आहेत.

आता कामाचे. करोडगिरीचा नाका डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसे आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी त्यांच्याजवळ बसून विचारावे. नाका कुठे होता, काय तपासत, आपल्या माणसाला पाणी कुठे मिळे. जे सांगतील ते वहीत उतरवून विहारात आणून द्यावे. कोणाच्या पेटीत हाली सिक्क्याचे नाणे असेल तर दाखवायला आणावे, परत मिळेल.

येत्या 30 डिसेंबरला पुन्हा जायचे ठरले आहे. गाडी पहाटे चारला विहारासमोरून सुटेल. दौलताबादला या वेळी दोन तास राखून ठेवले आहेत. लहान मुलांना जरूर पाठवावे, आणि सोबत कपड्यांचा एक जादा जोड द्यावा, कारण शिवनेला पाणी असले तर ती पायीच ओलांडायची आहे.