जुळ्यांतले हलके बाळ

जुळी जन्मली आणि त्यांतले एक अर्धा किलोने हलके निघाले, की घरात कुजबूज सुरू होते, “एकाने दुसऱ्याचे खाल्ले!” श्रोतेहो, या बोलण्यात थोडे तथ्य आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांना पुष्कळदा वार एकच असते, आणि तिची वाटणी सारखी होतेच असे नाही. यात आईचा दोष तो काय?

अशा जुळ्यांचा डेन्मार्कमधील एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. जोडीतील एकाला पुढे मधुमेह जडला, दुसऱ्याला नाही. ज्याला जडला, त्याचे जन्माचे वजन सरासरीने कमी होते. आता पाहा, आनुवंशिक बीज तर दोघांचे एकच! म्हणजे सारेच काही पिढीजात नव्हे.

गर्भाची वाढ इन्सुलिन नावाच्या संप्रेरकावर बरीच अवलंबून असते. अन्न तुटपुंजे मिळाले, की गर्भ मेंदू राखतो आणि स्नायू, स्वादुपिंड यांत काटकसर करतो, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे साखर जिरवायची ती याच अवयवांनी.

एकेकट्या जन्मलेल्यांतही हेच आढळते. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पाहणी केली. बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ किलोची, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आत मेद!

तेव्हा हलक्या बाळाला आईचे दूध भरपूर द्या. मात्र पुढे भावाच्या बरोबरीला आणण्यासाठी तूपसाखर चारून गुबगुबीत करू नका. आणि जन्माचे वजन लिहिलेले ते कार्ड असते ना, ते तो मोठा होईतो जपून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल.