ट्यूबाची सरकती नळी

पाश्चात्य वाद्यवृंदातील पितळी वाद्यांत सर्वांत खालचा खर्ज सांभाळतो तो ट्यूबा. विल्हेल्म व्हीप्रेश्ट आणि योहान मोरिट्स यांनी १८३५ साली बर्लिन येथे त्याचे पेटंट घेतले. त्याच्या मोठ्या जातीची नळी उलगडली, तर ती सुमारे १८ फूट भरते.

नळी जितकी लांब, तितका स्वर खाली. झडप दाबली की हवा एका जादा नळीतून वळसा घेते आणि स्वर उतरतो. पहिली झडप एक स्वर उतरविते, दुसरी अर्धा आणि तिसरी दीड. येथवर हिशेब सरळ आहे. अडचण येते ती झडपा एकत्र दाबल्यावर.

अर्धा स्वर उतरविण्यास नळी शेकडा सुमारे ६ ने वाढवावी लागते. पण शेकडा ६ कशाचे? नळी आधीच लांबली असेल, तर भरही अधिक हवी. जोडनळी मात्र ठरलेल्या मापाचीच असते. म्हणून पहिली व तिसरी झडप एकत्र दाबली, की ७२ इंच हवे तेथे ६७ इंचच मिळतात. तिन्ही दाबल्या तर तूट ९ इंचांवर जाते, आणि स्वर चढा लागतो.

इंग्लंडात डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ साली यावर एक तोड काढली. तिच्यात शेवटची झडप दाबताच हवा बाकीच्या झडपांतून पुन्हा फिरते व लहान पूरक नळ्या तूट भरून काढतात. वाद्य मात्र त्यामुळे जड होते.

दुसरी तोड म्हणजे पहिल्या झडपेची जोडनळी वादकाच्या डाव्या हाताशी आणून ती सरकती ठेवणे. तिचे पाय दोन असल्याने १ इंच ओढली की लांबी २ इंच वाढते. ५ इंचांची तूट अडीच इंचांत भरते. तंबोऱ्याचा मणी गायनापूर्वी लावून ठेवता येतो. येथे हे काम वाजविता वाजविता करावयाचे असते.

त्यासाठी दोन्ही पाय अगदी समांतर हवेत, नाही तर नळी अडकते. शिवाय झडप मोकळी असताना ही नळी दोन्हीकडून बंद असते. ती ओढली की आत हवा विरळ होते आणि नळी मागे खेचली जाते. म्हणून कुशल कारागीर झडपेच्या घराला नेमक्या जागी एक बारीक छिद्र पाडतात.

कोणी नळीचे पाय कापूनही माप बदलतात. तथापि कापलेले पितळ पुन्हा वाढत नाही. करवत लावण्यापूर्वी वादकाने पुष्कळ दिवस प्रत्येक स्वर कानाने तपासावा, हे बरे. कारण कारागीर देतो ती सरकण्याची सोय. किती सरकवावयाचे, हे ठरविणारा अखेर वादकाचा कानच होय.