कुलूप लागलेल्या शाळा



आरक्षणावर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न हमखास येतो, "सर, अमेरिकेत तर फक्त गुणवत्ता बघतात ना?" त्याचं उत्तर द्यायला आज मी तुम्हाला व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत नेणार आहे.

तिथल्या फार्मव्हिल गावात काळ्या मुलांसाठी मोटन हायस्कूल होतं. बांधलं १८० जणांसाठी, पण १९५१ मध्ये पट साडेचारशेच्या वर गेलेला. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये भरत आणि पावसात गळत. २३ एप्रिलला बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने संप घडवून आणला. खोटा निरोप पाठवून मुख्याध्यापकांना बाहेर काढलं आणि सगळ्यांना सभागृहात बोलावलं. (हे तुम्ही करून बघू नका!) मागणी एवढीच, की चांगली इमारत द्या. वकील म्हणाले, नुसत्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही, वेगळ्या शाळाच बंद करा असं म्हणणार असाल तर लढू. पोरं तयार झाली, पालकही झाले.

हा खटला 'ब्राउन' खटल्यात सामील झाला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत. पुढच्या वर्षीच्या आदेशात मात्र ठाम मुदत घातली नाही. या सवलतीचा फायदा कोणी घेतला असेल, सांगायला नको.

शेवटी एकत्र शाळा भरवायची वेळ आली, तेव्हा १९५९ मध्ये काउंटीने शाळांसाठी कर बसवायलाच नकार दिला. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, तिच्या फीला सरकारी मदतही मिळाली. काळ्या मुलांपैकी काहींना पालकांनी परगावी नातेवाइकांकडे धाडलं, काही चर्चमधल्या तात्पुरत्या वर्गांत बसली, कित्येकांचं शिक्षण कायमचं तुटलं. न्यायालयाने १९६४ मध्ये दणका दिला, तेव्हा कुठे शाळा उघडल्या. पाच वर्षं गेली. आता सांगा, या मुलांची 'गुणवत्ता' कुठल्या फूटपट्टीने मोजायची?

विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. पण १९७८ च्या 'बाकी' खटल्यात राखीव जागा रद्द झाल्या. वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक म्हणून धरता येईल, एवढं उरलं. कारण काय, तर वर्गात विविधता असली की सगळ्यांचंच शिक्षण सुधारतं. समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण मान्य झालं नाही. माझ्या मते गाडी तिथेच रुळावरून घसरली. देणं लागतो ही भाषा गेली आणि शोभेची भाषा आली. शोभेची वस्तू काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो? २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात न्यायालयाने तेही जवळपास संपवलं.

व्हर्जिनियाने मात्र २००४ मध्ये शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. अर्ज करणारी ती 'मुलं' तोवर पन्नाशीच्या पुढे गेली होती.