गोकर्णची पायवाट

गोकर्ण म्हटलं की मराठी माणसाला आधी गुरुचरित्राचा सहावा अध्याय आठवतो. रावण, आत्मलिंग आणि गुराख्याच्या वेषातला गणपती! त्यामुळे आपली मंडळी तिथे जातात ती महाबळेश्वराच्या दर्शनाला. दर्शन घ्यायचं, समुद्रात पाय बुडवायचे आणि परतीची गाडी धरायची. पण त्याच गावाच्या दक्षिण टोकाला, रामाच्या देवळाजवळून, एक पायवाट डोंगरावर चढते. तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा किनारा आपल्या कोकणाचा सख्खा भाऊच. तोच जांभा दगड, तेच सडे. सड्याचे सुळके समुद्रात घुसलेले आणि दोन सुळक्यांच्या मध्ये वाळूचा एकेक तुकडा. पायवाट या सुळक्यांवरून चढते आणि वाळूत उतरते. पहिला उतार कुडले किनाऱ्याचा. पुढचा चढ ओलांडला की ओम. दोन अर्धवर्तुळं आणि मध्ये घुसलेला खडक, म्हणून हे नाव. मात्र हा आकार वरूनच दिसतो; वाळूत उभं राहून शोधत बसू नका. इथवर मोटारीचा रस्ता आहे, त्यामुळे गर्दीही इथवरच.

खरी वाट ओमच्या पुढे. अर्धचंद्र आणि पॅरडाइज या दोन्ही किनाऱ्यांना गाडी जात नाही. हंगामात होड्या जातात, पण माझं मत विचाराल तर पायीच जावं. वाट कड्याच्या कडेने जाते, कुठे झाडीत शिरते, कुठे जेमतेम एक पाऊल मावेल इतकी अरुंद होते. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाली फुटणाऱ्या लाटा. पाणी जवळ हवंच, ओमनंतर दुकानावर भिस्त ठेवून चालत नाही. पावसाळ्यात तर या वाटेला जाऊच नका. जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावरून घसरलं की सावरायला जागा नसते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. तेव्हाही खडकांमध्ये पोहायला उतरू नये. वरून शांत दिसणारं पाणी आत ओढून नेतं. या किनाऱ्यावर बुडून माणसं गेल्याच्या बातम्या वरचेवर येतात, आणि त्यात बहुतेक बाहेरगावाहून आलेली तरुण मुलं असतात.

बरेच जण पॅरडाइजवरून मागे फिरतात. मला मात्र त्यापुढचा भाग अधिक आवडतो. बेलेकानवरून तदडीला यायचं. तदडी हे मासेमारीचं बंदर, अघनाशिनी नदीच्या मुखावरचं. शिरसीच्या बाजूने सह्याद्री उतरून येणाऱ्या या नदीवर एकही मोठं धरण नाही. तिचं गोडं पाणी अजून मोकळेपणाने खाडीत येतं, आणि त्यावरच इथलं सगळं उभं आहे. ओहोटी लागली की बायामाणसं कमरेइतक्या पाण्यात उतरून तिसऱ्या वेचतात. आपण ज्याला खाजण म्हणतो त्याला इथे गजनी म्हणतात. तिथे कग्गा नावाचा, खारं पाणी सोसणारा भात होतो. जवळच साणीकट्ट्याची जुनी मिठागरं आहेत.

तदडीत कोळशावरचा मोठा वीजप्रकल्प आणायचा घाट घातला गेला होता. मच्छीमार, शेतकरी आणि अभ्यासक यांनी विरोध केला आणि तो बेत मागे पडला. पुढे 2024 मध्ये या खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून तिला मान्यता मिळाली. पण बंदर वाढवण्याची चर्चा इथे अधूनमधून डोकं वर काढतच असते. बंदर मोठं करायचं तर खाडी खणावी लागते, आणि तिसऱ्या असतात त्या तिच्या तळाच्या चिखलातच. पायवाटेने इथवर आलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ओहोटीच्या वेळी काठावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरे.

तदडीहून तरीने पलीकडे अघनाशिनी गावात उतरता येतं. तिथून पुढे कुमट्यापर्यंत पुन्हा किनाऱ्याने वाट आहे, पण त्यासाठी आणखी एक दिवस हाताशी हवा. तरीच्या वेळा मात्र आदल्या दिवशीच गावात विचारून ठेवा.