कुटुंबाच्या व्याख्येबाहेरचे माता-पिता



महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली शिक्षण आणि व्यवसायासाठी परदेशी जातात, तेथे स्थिरावतात, यात आता नावीन्य उरलेले नाही. नोकरी, व्हिसा, कायमच्या वास्तव्याचा परवाना या प्रत्येक पायरीचा विचार घरोघरी बारकाईने होतो. वृद्धापकाळी आई-वडिलांना तेथे नेता येईल काय, हा प्रश्न मात्र बहुधा दोघांपैकी एक जण निवर्तल्यानंतर, मागे राहिलेल्यास एकट्याने राहणे अशक्य झाल्यावरच विचारला जातो. मुलगा तिकडे कायमचा झाला की आई-वडीलही जाऊ शकतील, हा सर्वसाधारण समज आहे. तो किती निराधार आहे, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत भारतीय डॉक्टरांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मराठी डॉक्टरही आहेत. 2012 च्या जुलैपूर्वी 65 वर्षांवरील आई-वडील मुलांवर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असतील आणि मायदेशी त्यांना जवळचा आधार नसेल, तर त्यांना ब्रिटनमध्ये कायमचे वास्तव्य मिळू शकत असे. 9 जुलै 2012 पासून हा नियम बदलला. आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे, अठरा वर्षांवरील अपत्ये या सर्वांना ‘अवलंबून असलेले सज्ञान नातेवाईक’ या एकाच वर्गात घालण्यात आले आणि त्यांच्यासाठी अत्यंत कठोर अटी ठेवण्यात आल्या.

पहिली अट अशी की, अंघोळ, कपडे घालणे, स्वयंपाक अशी दैनंदिन कामेही करता येऊ नयेत इतके आजारपण, अपंगत्व वा वार्धक्य अर्जदाराला असले पाहिजे. दुसरी अट त्याहून अवघड आहे. मुलाने पैसे पाठवूनही मायदेशी आवश्यक ती शुश्रूषा मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. शिवाय पाच वर्षे शासकीय साहाय्य न घेता सर्व भार उचलण्याची हमी मुलाने द्यावयाची असते. अर्ज ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो. पर्यटक म्हणून जाऊन तेथे अर्ज करण्याची मुभा नाही.

या अटी एकत्र ठेवल्या की पेच ध्यानात येतो. समजा, नाशिकमध्ये 78 वर्षांची विधवा माता आहे आणि तिचा एकुलता एक मुलगा लीड्समध्ये डॉक्टर आहे. माता चालती-फिरती असेल, तर ती पात्र नाही. ती अंथरुणास खिळली, तर मुलगा सुस्थितीत असल्याने नाशिकमध्ये परिचारिका ठेवू शकतो, म्हणून अर्ज नाकारला जाऊ शकतो. मुलाची मिळकत तुटपुंजी असेल, तर त्याची हमीच पुरेशी ठरत नाही.

या नियमांना न्यायालयात आव्हान देण्यात आले. मे 2017 मध्ये तेथील अपील न्यायालयाने ते फेटाळले. मायदेशी उपलब्ध शुश्रूषेचा विचार करताना वृद्धांच्या मानसिक व भावनिक गरजाही पाहिल्या पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. परंतु नियम कायम राहिले. वृद्धांच्या उपचारांचा भार करदात्यांवर पडू नये, ही ब्रिटिश शासनाची भूमिका आहे. आपल्या तिजोरीचा विचार करण्याचा प्रत्येक राष्ट्राला अधिकार आहे, हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्या विचारात पती, पत्नी आणि अज्ञान मुले एवढ्यावरच कुटुंब संपते, हेही विसरता येणार नाही.

अन्य देशांतही मार्ग सुकर नाही. अमेरिकेत ग्रीनकार्डधारकाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी नागरिकत्वच लागते. ऑस्ट्रेलियात कमी शुल्काच्या पालक व्हिसासाठी तीस वर्षांच्या आसपास प्रतीक्षा आहे. सत्तरीतल्या माणसाला या प्रतीक्षेचा अर्थ सांगावा लागत नाही. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ 2011 मध्ये सुरू झाला आणि 2022 पासून त्यावर एका वेळी पाच वर्षे राहता येते. परंतु त्यासाठी खाजगी आरोग्यविमा अनिवार्य आहे आणि तो परवाना पाहुण्याचाच आहे.

मग मुलाने परत यावे काय? भारतात येण्यास त्याला अडचण नाही. भारतीय पारपत्र असेल तर प्रश्नच नाही. परकीय नागरिकत्व घेतलेल्यांसाठी 2005 मध्ये सुरू झालेली ‘ओसीआय’ योजना आहे. परंतु ब्रिटनमधील कायमच्या वास्तव्याचा हक्क सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास संपुष्टात येतो. म्हणजे आईच्या प्रदीर्घ आजारपणात तिच्याजवळ राहणाऱ्या पुत्राला तेथील संसार पणाला लावावा लागतो.

म्हणूनच हा निर्णय संकटकाळी नव्हे, आई-वडील धडधाकट असताना व्हावयास हवा. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करण्यापूर्वी सर्व भावंडांनी एकत्र बसून कोण कोठे राहणार, शुश्रूषा कोण करणार, हे स्पष्ट बोलले पाहिजे. इच्छापत्र वेळीच करावे. केवळ मुखत्यारपत्रावर विसंबू नये. ते देणाऱ्याचे मानसिक भान हरपले की भारतीय करार कायद्यानुसार ते सामान्यतः निष्प्रभ होते. माता-पित्यांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा परदेशस्थ भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पण कायदा निर्वाहाची रक्कम देववू शकेल, रात्री उशाशी बसणारे माणूस देऊ शकणार नाही.

ते माणूस समाजालाच द्यावे लागेल. ज्यांची मुले दूरदेशी आहेत, असे वृद्ध आज प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्या दारावरची एक नियमित थाप, औषधांची विचारपूस, रुग्णालयात सोबत, एवढे तरी शेजारधर्माने करता येण्यासारखे आहे. कुटुंबाची व्याख्या परक्या कायद्याने आकुंचित केली असेल, तर ती विस्तृत करण्याचे काम येथील वस्त्यांनी हाती घ्यावयास हवे.